माईकवरून जुळवलेला भाऊ

डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. लिहायला बंदी करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. घशात सूज आहे म्हणतात. असणारच. माझा आवाज भरात होता तेव्हा मी कोल्हापूरच्या बिंदू चौकात 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हटलं की शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचे कामगार भोंगा झाला समजून डबे उघडायचे. हे जास्त वाटत असेल तर थोडं कमी करून वाचा. फार कमी करू नका, आमच्या धंद्याला ते सोसत नाही.

मी निवेदक होतो. शाल पांघरून शेर म्हणणारा नव्हे. आमचा डान्स शो होता. यात्रा, वाढदिवस, शर्यतीचं बक्षीस, सरपंचाची निवड, शोरूमचं उद्घाटन. एकदा तर एका म्हशीनं दुधाच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला म्हणून. माणसाला आनंद झाला आणि तो त्याला एकट्याला पेलेना झाला की आमची गाडी तिथं जायची. मुली नाचायच्या, मी बोलायचो. (म्हैस पहिल्या रांगेत बांधली होती. तिच्याइतका सभ्य प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही.) पार्टीचं नाव सांगत नाही. मालकीणबाई हयात आहेत आणि त्यांचे वकील त्यांच्याहून हयात आहेत.

निवेदकाचं काम म्हणजे ओळख करून देणं, असं लोकांना वाटतं. ओळख सगळ्यात सोपी. अवघड असतो तो मानपान. गावात शिरलो की मी पहिला चहाच्या गाड्यावर बसायचो आणि गावाची कुंडली काढायचो. कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, कुणाला 'साहेब' म्हटलं की आवडतं, कोणता चुलता कोणत्या पुतण्याशी बोलत नाही, कुणाच्या घरात काय आहे आणि काय नाही. एका गावात मी डेअरीच्या चेअरमनचं नाव आधी आणि उपसरपंचाचं नंतर घेतलं, तर खुर्च्या एवढ्या उंच उडाल्या की उजळाईवाडीला उतरणारं विमान बेळगावला जाऊन उतरलं.

आणि मुलींची ओळख. गारगोटीच्या पलीकडच्या एका वाडीतली अनिता माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत 'दुबई रिटर्न, मिस झारा' झालेली असायची. ती दुबईला गेली नव्हती. तिच्याकडं पासपोर्ट नव्हता. तरी मी म्हटलं की शिट्ट्या पडायच्या. मुलींनी माईकवर बोलायचं नाही हा नियम मीच केलेला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असं बोलतात. दुबईहून परतलेली बाई 'मी आलो की वो पावणं' म्हणाली असती तर माझी सगळी दुबई पंचगंगेला मिळाली असती.

स्टेजवर काय दिसतं ते मी सांगायला नको, तुम्ही ते मोबाईलवर बघता आणि कुणी आलं की पालथा घालता. जे दिसत नाही ते सांगतो. दुपारच्या जेवणानंतर आमच्या मुली पाण्याला तोंड लावत नसत. उपास नव्हे. गावात बायकांना जायला जागा नसायची, आणि असली तर तिथं पोरं मोबाईल घेऊन आधीच पोचलेली असायची. म्हणून घसा कोरडा ठेवून नाचायचं. लग्न झालेल्यांनी मंगळसूत्र काढून पावडरच्या डब्यात ठेवायचं. लेकुरवाळ्यांनी लेकराचं नाव गाडीतसुद्धा काढायचं नाही. पाय मुरगळला तर चिकटपट्टी गुंडाळून वर चमकीचा मोजा. घरी सांगितलेलं असायचं की पोरगी 'इव्हेंट'मध्ये आहे. हा शब्द इंग्रज जाताना खास आमच्यासाठी मागं ठेवून गेले असावेत. हसू मात्र उतरवायचं नाही. आमची एक मुलगी झोपेतही हसायची. नव्या ड्रायव्हरनं ते एकदा आरशात बघितलं आणि नोकरी सोडली.

आणि मग ते 'जेवण'.

कोल्हापुरात जेवायला बोलावणं याहून मोठा मान नाही. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, आणि 'घ्या की, घ्या की' म्हणत जीव घेणारा यजमान. आम्हालाही बोलावणं यायचं. पण ते सगळ्या पार्टीला नसायचं. शो संपला की आयोजकांचा माणूस मालकिणीजवळ यायचा आणि एका मुलीचं नाव घेऊन म्हणायचा, 'म्याडमला जेवायला पाठवा, मळ्यात सोय केलीया.' करारात जेवण कुठंच नसायचं. नाही म्हणायचीही सोय नसायची. जी नाही म्हणेल ती दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत, आणि मागच्या रांगेतून घरी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय थाट आहे, पोरीला न्यायला गाडी येते.

आमच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणायचे. त्या स्वतः याच स्टेजवरून वर आलेल्या. त्या मटणाला शिवत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर राधानगरीच्या बाजूला एका गावात रणधीरदादांचा वाढदिवस होता. गावाचं नाव सोडून देऊ. दादांचा व्यवसाय पोकलेनचा. डोंगर दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांच्या वाढदिवसाचा बॅनर एवढा मोठा होता की त्याच्या सावलीत आलेलं भात त्या वर्षी उशिरा पिकलं, असं तिथले शेतकरी अजून सांगतात. आम्ही उन्हं असतानाच पोचलो. मी चहाच्या गाड्यावर कुंडली काढली. दादांचे वडील वारलेले, आई आहे, तिला सारा गाव आक्का म्हणतो. बायको आहे, मुलगा आहे. बहीण नाही. 'आक्कांनी पोरीसाठी लई देव केलं,' चहावाला म्हणाला, 'पर देवाच्या मनात नव्हतं.'

परत आलो तर दादांचा मळ्यातल्या जेवणाचा निरोप या खेपेला शोच्या आधीच आलेला, अनिताच्या नावानं, आणि गाडीत ताई आणि अनिताचं चाललेलं.

"ताई, मी न्हाय जाणार."

"जेवायचं तर हाय गं. चार फोटू काढत्यात, दोन घास खायाचं, माघारी यायाचं."

"मागल्या बारीला शीतल गेलती दोन घास खायाला. तवापास्नं ती कुणाशी बोलत न्हाय."

"शीतलचा सोभाव मुळातच घुमा."

"ताई, तुमाला म्हैत हाय."

ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर दादांचाच बॅनर होता, दुसरं काही दिसायला जागा नव्हती. मग म्हणाल्या, "उद्यापास्नं मागच्या रांगंत हुबी ऱ्हा मग. आनि एक सांगतो, मागच्या रांगंत बी गर्दी झालीया."

अनितानं माझ्याकडं बघितलं. तिची मुलगी गारगोटीला शाळेत होती, आजीजवळ राहायची. त्या शाळेचं सगळं अनिताच्या नाचण्यावर चाललेलं, हे मला ठाऊक होतं आणि ताईंनाही ठाऊक होतं. म्हणून तर ताई एवढ्या शांत होत्या.

"नाना," अनिता म्हणाली, "दुनियाभर बोलतासा. ह्याच्यावर बी काय तर बोला की."

आता बघा, मला कुणी 'बोला' म्हटलं की काय होतं ते. स्टेजवर केक आला. केक पोकलेनच्या आकाराचा, त्याची सोंड हलत होती. दादा तलवारीनं केक कापणार, त्याआधी आक्का ताम्हण घेऊन ओवाळायला उठल्या. पुढं सारा गाव, वर ड्रोन, आणि माझ्या हातात माईक.

"थांबा, मंडळी!" मी म्हणालो. अशा वेळी मी शुद्ध बोलतो. "आज दादांकडे काय नाही? पोकलेन आहेत, डंपर आहेत, जिवाला जीव देणारी पोरं आहेत. पण या मनगटाला एक उणीव आहे. दादांना पाठची बहीण नाही! आणि आपल्या मिस झारा, दुबईतलं सोन्यानं भरलेलं घर सोडून या मातीत कशासाठी आल्या? पैशासाठी? नाही! मंडळी, त्यांना भाऊ नाही! आत्ता, गाडीत, डोळ्यात पाणी आणून त्यांनी मला विचारलं, नाना, दादांना ओवाळायचा मान मला मिळेल का? आणि दादा, तुमच्या मनाचा मोठेपणा असा की मी विचारण्याआधीच तुम्ही मान हलवलीत!"

दादांनी मान हलवली नव्हती. पण गावानं टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्यावर मान आपोआप हलते. आमच्या डीजेवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं सनई सोडली. अनिता पुढं आली, आक्कांच्या हातातलं ताम्हण घेतलं आणि चमकीचा ड्रेस सावरत दादांना असं ओवाळलं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्यातले निम्मे मघाशी शिट्ट्या वाजवत होते. दादांचा चेहरा चढावर डिझेल संपल्यासारखा झालेला. मी माईकवरून त्यांच्याच हस्ते बहिणीला साडी-चोळी जाहीर करून टाकली. साडी नव्हती. आक्कांनी आपल्या अंगावरची शाल काढून अनिताला पांघरली आणि तिला पोटाशी धरून म्हणाल्या, "आली गं बाई माजी लेक!"

मळ्यातली गाडी रिकामी गेली. अनिता आक्कांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवली. वाढायला दादा. ताई मला परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "नाना, निवेदन जरा आवरतं घेत चला." मी मात्र त्या रात्री स्वतःवर एवढा खूश होतो की आरशासमोर उभा राहून स्वतःची ओळख करून दिली.

त्यात एकच चूक झाली. मी दादाला ओळखलं नव्हतं.

मला वाटलेलं, असला माणूस उद्या विसरेल. दादा विसरला नाही. त्याला बहीण आवडली. दसऱ्याच्या आधी एका दुपारी तो आमच्या तालमीच्या खोलीवर आला. बॅटरीच्या दुकानावरची खोली, जिना अरुंद. दादा आडवा होऊन वर आला. मागं आक्का, आणि त्यांच्या हातात आता खरीखुरी साडी. मुली नवीन गाण्यावर स्टेप बसवत होत्या. दादांनी ते बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"गाणं बंद करा," तो म्हणाला. "तायडे, वढणी घे. ताई, आजपास्नं आमची भन नाचणार न्हाय."

"आनि खाणार काय?" अनितानं विचारलं.

"भाऊ मेलाय व्हय तुजा?"

बोलण्यात खोट नव्हती, हेच अवघड होतं. खोट असती तर मी तोडगा काढला असता, तो माझा विषय. दादांनी खाली उतरायच्या आत फोन लावायला सुरुवात केली. राधानगरी, भुदरगड, कागल, जिथं जिथं त्यांचं पोकलेन गेलेलं तिथं तिथं निरोप गेला: ज्या पार्टीत आमची बहीण नाचेल त्या पार्टीला बोलवायचं नाही. महिन्याभरापूर्वी तिला मळ्यात बोलावणारा हाच माणूस. दोन्ही वेळा अनिताला कुणी काही विचारलं नव्हतं.

आमचे कार्यक्रम गळायला लागले. ताईंनी अनिताला मागच्या रांगेत ठेवलं नाही, सरळ गाडीतूनच उतरवलं. ती तशीच माझ्या घरी आली. मी पोहे पुढं केले. तिनं ताट बाजूला सारलं.

"नाना, तुमी मला एका जेवणातनं उठवलासा आनि जलमाच्या पंगतीला नेऊन बसवलासा."

"अगं, पण त्यानं नोकरी बघतो म्हटलंय की. कापडदुकानात..."

"केलतो की कापडदुकानात. साडी उलगडून दावताना मालकाचा हात कुठं असतोय ते फकस्त मला म्हैत असायचं. स्टेजवर निदान सारा गाव बघत असतोय." मग म्हणाली, "आनि मला नाचाय आवडतंय. हे तर कुणी इचारलंच न्हाय. तुमी बी न्हाय."

मी एवढी वर्षं तिची ओळख करून देत होतो. दुबईपासून सिंगापूरपर्यंत सगळं सांगितलं, हे एक सांगायचं राहिलेलं. ते खरं असल्यामुळं सुचलं नसावं.

"मी जातो, दादांना समजावतो," मी म्हणालो.

"तुमी तोंड उघडायचं न्हाय. संगं तेवढं या. बघायला कुणीतरी पायजे."

दिवाळीची सुट्टी लागली तशी ती मुलीला घेऊन, कपड्यांची पेटी घेऊन, यष्टीनं दादांच्या गावी निघाली. मी मागच्या सीटवर, तोंड मिटून. त्या प्रवासात मी एक शब्द बोललो नाही. कंडक्टरनं मला मुका समजून सवलतीचं तिकीट विचारलं. दादांच्या दारात अनिता थांबली. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, रीतीप्रमाणं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आक्का तर नुसत्या भिरभिरत होत्या. मला सोप्यात घोंगड्यावर बसवलं.

"किती दिस हायसा, वन्सं?" वहिनींनी चहा देताना विचारलं.

"वयनी, म्हायेरला काय दिस मोजून येत्यात व्हय?" अनितानं बशीत चहा ओतला. "दादानं काम सोडवलं. मग आता भावाच्या घरात ऱ्हायाचं. पोरीला हितल्याच शाळंत घालू म्हनतो." एक घोट घेतला. "वयनी, मळा कुठवर हाय वो आपला?"

आपला.

वहिनींच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली. तो शब्द मी कानानं ऐकला आणि डोळ्यांनी बघितला. सोप्यातून निघाला, उंबरा ओलांडला, पाणवठ्यावर गेला, डेअरीच्या रांगेत उभा राहिला, आणि संध्याकाळच्या दूध घालायच्या वेळेपर्यंत सारा गाव बोलायला लागला की दादांची बहीण सातबाऱ्याला नाव लावायला आली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात भाऊ बहिणीला काय देत नाही? साडी देतो, आंब्याची पाटी देतो, भाचीच्या लग्नात वरातीची घोडी देतो. फक्त जमिनीचा विषय निघाला की त्याला थंडी वाजून ताप येतो. मग बहिणी तलाठ्याकडं जाऊन हक्क सोडल्याची सही करतात आणि बदल्यात माहेर शाबूत राहतं, असं म्हणायची पद्धत आहे. आता, माईकवरून मानलेल्या बहिणीला कायद्यानं ढेकूळसुद्धा मिळत नाही. हे दादांच्या वकिलाला ठाऊक होतं. पण गाव वकिलाकडं जात नाही, आणि वहिनी कुणाचं ऐकत नव्हत्या.

मी दुसऱ्या दिवशी परतलो. अनिता राहिली. पुढचं मला दादांनीच फोनवर सांगितलं, आवाज बसलेला. ती रोज सकाळी पोरीचा हात धरून मळ्याला फेरी मारते. बांधावर उभी राहून शेजाऱ्याला विचारते, 'काका, आपली हद्द ह्या आंब्यापतोर का त्या?' घरात कुणाला एक वाकडा शब्द बोलत नाही. भाकऱ्या थापते, आक्कांचे पाय चेपते, दादांच्या मुलाला स्टेप शिकवते. वहिनी माहेरी जायच्या गोष्टी करतात. चुलत्यांनी वाटणीचा जुना विषय नव्यानं उकरलाय, पोकलेन नसताना.

"नाना," दादा म्हणाले, "तुमच्या माईकनं जोडलंय, तुमच्या माईकनंच तोडा. या."

मी गेलो. पण मला तोंड उघडायची बंदी होती, ती अनितानं उठवलेली नव्हती. मी सोप्यात बसलो आणि दादांना खुणेनं सांगितलं, तुमचं तुम्ही बोला. आयुष्यात पहिल्यांदा मी कार्यक्रमात प्रेक्षक होतो.

अंगणात आक्का तांदूळ पाखडत होत्या. अनिता शेजारी बसून खडे वेचत होती.

"तायडे," दादा म्हणाले. "तू नाच."

"नगं दादा. लोकं नावं ठेवत्यात. भावाच्या घरात बरं."

"आगं नाच म्हनतोय न्हवं! मी सगळ्यांस्नी फोन लावतो परत."

"पोरीच्या शाळंचं हितं ठरवलंय की आता. मास्तर बी चांगलं हाईत."

दादांनी डोकं खाजवलं. वहिनी दारात उभ्या, पदर तोंडाला, डोळे दादांवर. दादा अंगणातच उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस एवढा लहान होऊन बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"काय करू मग? तू सांग."

अनितानं हातातला खडा लांब टाकला. "मी कुठं नाचायचं ते मी ठरवणार. कुणाच्यात जेवायचं ते बी मी ठरवणार. हे ताईला फोन लावून सांगायचं, आत्ता, माझ्या म्होरं. तुमी सांगितलासा की त्या ऐकत्यात. माजं ऐकत न्हाईत."

दादांनी फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून ताई 'व्हय दादा, व्हय दादा' म्हणत राहिल्या. बहिणीचं म्हणणं भावाच्या तोंडून गेलं तरच पोचतं, हे अनिताला माझ्याआधी ठाऊक होतं. तिला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. तिनं दुसरा खडा शोधला.

फोन ठेवल्यावर आक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "रणधीर, आनि मळ्यातली जेवणं बी बंद."

दादा उठायला लागले.

"मला म्हैत न्हाय व्हय? घरात मटण शिजत न्हाय, आनि मळ्यात पातेली जात्यात. वाढदिवसाला बी गेलीती. कुणासाठनं गेलीती, ते मी इचारलं न्हाय." त्यांनी सूप एकदा जोरात पाखडलं. "माझ्या नणंदांनी सह्या केल्या, त्यानंतर एक बी ह्या उंबऱ्याला आली न्हाय. तवा बी मी गप बसलो. आता ही एक आलीया, मानलेली का असंना. हिला मी ववाळूनच लावून देणार. जाताना."

अनितानं पहिल्यांदा मान खाली घातली. तिनं आक्कांना नमस्कार केला तो काही माझ्या निवेदनातला नव्हता.

इथं गोष्ट संपवली असती तर मला हार घालून सत्कार करायला हरकत नव्हती. पण धंदा कुणाच्या आईला विचारून चालत नाही.

अनिता परत आली, पुढच्या रांगेत उभी राहिली. तिला जेवायला बोलवायची कुणाची छाती नव्हती. दादाची बहीण म्हटल्यावर तीन तालुके नजर खाली घालत. जेवणं मात्र चालूच राहिली. ताट फक्त सरकलं. ज्या मुलीला भाऊ नव्हता तिच्यापुढं गेलं. मुली एकेक करून माझ्याकडं यायला लागल्या. "नाना, मला बी एक भाऊ लावा की." "नाना, मला जरा फौजदार बघा." ताईंनी मला बजावून ठेवलेलं: माईकवरून नाती जुळवलीत तर माईक काढून घेईन. आणि खरं सांगायचं तर आयोजकही आता शहाणे झालेले. माझ्या हातात माईक आला की ते दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे.

मग एका शोरूमचं उद्घाटन आलं. भर दुपारचा कार्यक्रम, ट्रॅक्टरवर फुगे. आमच्यात प्रियंका नावाची नवी मुलगी आलेली. कॉलेज सुटल्यावर घरी मदत व्हावी म्हणून आलेली, इव्हेंटमध्ये. माझ्या तोंडून ती 'बँकॉक फेम मिस पिंकी' झाली होती. कार्यक्रम संपला, उन्हं कलली, आणि एक पांढरी जीप येऊन उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "पिंकी म्याडमला शेठनी जेवायला बोलावलंय. फार्महाऊसवर."

प्रियंका ताईंकडं बघायला लागली. ताई खिडकीकडं बघायला लागल्या. मी घसा साफ केला, सवय.

अनिता पायातली घुंगरं सोडत बसलेली. ती तशीच उठली, एका पायात घुंगरू आणि एक पाय मोकळा, आणि जाऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसली.

"चला," ती ड्रायव्हरला म्हणाली, "मला बी भूक लागलीया."

"म्याडम, शेठनी एकट्या पिंकी म्याडमला..."

"कोल्हापूरचा हाय न्हवं तुजा शेठ? जेवायला आलेल्या मानसाला दारातनं परत पाठवतोय व्हय तो? तसं असंल तर सांग, उद्या मी बाजारात इचारतो."

ड्रायव्हरनं खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात शीतल, जी कुणाशी बोलत नव्हती, गाडीतून उतरली आणि काही न बोलता जीपच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मग बाकीच्या उतरल्या. कुणी मेकअप पुसत, कुणी चप्पल हातात घेऊन. मध्ये प्रियंकाला बसवली. ज्यांना जागा मिळाली नाही त्या मागं फळीवर उभ्या राहिल्या, एक टपावर चढली. जीपची पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली होती असं मी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. उचलली नव्हती. पण ड्रायव्हरनं खाली उतरून बघितलं, हे खरं आहे.

ताई आमच्या गाडीत एकट्याच बसून होत्या. एकदा त्यांनी दाराच्या दांडीला हात घातला, उतरतात की काय असं वाटलं. मग हात काढून घेतला.

मी धावत गेलो. म्हणालो, थांबा, मी पण येतो, शेठशी दोन शब्द बोलतो, अशा ठिकाणी बोलणारा माणूस पाहिजे.

अनितानं जीपचं दार आतून ओढून घेतलं.

"तुमी नगो, नाना. तुमी आलासा तर तिथं बी कुणाला तरी आमचा मामा करून ठेवशीला."

आणि मग टपावरच्या मुलीनं ड्रायव्हरला वरून हाक दिली, "चल की रं, रस्सा निवालाय!"